डोंबिवलीहून आलेला ‘येतो’

या सदरातले अनुभव मी गेली तीन-चार वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटतो. माझं काम मोजमापाचं. ठाण्यातल्या एका कारखान्यात टेस्टिंग विभागात बावीस वर्षं काढली. मीटरवर जे दिसत नाही ते नाही, असं मानत आलो आणि अजूनही जवळजवळ तसंच मानतो. भूत, भानामती, स्वप्नातले दृष्टांत... यातलं माझ्याकडे काहीही नाही. आहे ती एका छापील कागदावरची एक ओळ. आणि त्या ओळीला चिकटलेलं माझं एक खोटं. ते सांगितल्याशिवाय ती ओळ सांगता येत नाही, म्हणून इतके दिवस गप्प होतो.

मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारी लायसन्स घेऊन घरातल्या शॉर्टवेव्ह सेटवरून दूरदूरच्या लोकांशी बोलायचं, असा हा छंद. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचा ब्लॉक आणि गच्चीवर माझी अँटेना — दोन बांबूंमध्ये ताणलेली तार. सोसायटीत मला मागून ‘तारवाले’ म्हणतात.

या छंदातला माझा जोडीदार जगन्नाथ. कोलशेतचा कोळी. वडिलांची खाडीत होडी, पण हा स्वतः तिथल्याच एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. चौऱ्याऐंशी साली लायसन्सची परीक्षा आम्ही एकाच बाकावर बसून दिलेली. सर्किट समजायला मला कागद-पेन्सिल लागायची. जगन्नाथ बोर्ड हातात घेऊन उलटासुलटा करायचा आणि म्हणायचा, “हा कपॅसिटर झोपलाय.” आणि तो झोपलेलाच असायचा. मला तो ‘इंजिनेर’ म्हणायचा. त्यात थोडी माया होती आणि थोडी टिंगल.

आता यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. शॉर्टवेव्हची अडचण अशी, की कुठली फ्रिक्वेन्सी कुठल्या वेळी चालेल याचा नेम नसतो. सकाळी जिथे पुणं स्वच्छ ऐकू येतं तिथे दुपारी नुसती खरखर. यावर परदेशात लष्करानं एक उपाय काढलेला — ऑटोमॅटिक लिंक एस्टॅब्लिशमेंट. त्याबद्दल आम्ही एका मासिकात वाचलं आणि पंचाण्णवच्या सुमारास घरच्या घरी त्याची एक गावठी नक्कल करायला घेतली. सेकंडहँड पीसी, जगन्नाथनं बनवलेले बोर्ड, मी लिहिलेला प्रोग्राम.

कल्पना सोपी आहे. प्रत्येक स्टेशनला तीन इंग्रजी अक्षरांचं नाव. माझं ‘डॉम’, जगन्नाथचं ‘कोल’. सेट सतत पाच फ्रिक्वेन्सींवरून फिरत राहतो, एकेकीवर क्षणभर थांबून आपलं नाव कुणी घेतंय का ते ऐकतो. कोलनं डॉमला हाक मारली, की डॉम तिथेच थांबतो आणि उत्तर देतो. ते उत्तर पोचलं, की कोल म्हणतो ‘पोचलं’. हाक, उत्तर, पोच. या तीन गोष्टी झाल्या तरच लिंक आणि तेव्हाच दोन्हीकडे घंटी वाजते. शिवाय दर तासाला प्रत्येक सेट आपलं नाव नुसतंच पुकारतो आणि बाकीचे ते किती चांगलं ऐकू आलं याचे गुण एका तक्त्यात वेळेसकट लिहून ठेवतात; थेट हाक आली तर तिचेही. माणूस लागतच नाही. जगन्नाथ त्या यंत्राला ‘हाक्या’ म्हणायचा. आमच्याशिवाय कल्याणचे एक रिटायर्ड पोस्टमास्तर, पुण्याचे एकजण आणि नाशिकचे एकजण, असे पाच हाक्ये होते.

यात एक सोय मी घातलेली. लिंक झाली की छोटे तयार निरोप पाठवता यायचे. त्यातला एक होता ‘येतो’. आपल्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’च म्हणतात, म्हणून संभाषण संपवायला मी तो शब्द निवडला. सेट रीतसर बंद करायचं बटण दाबलं, की शेवटी बोललेल्या स्टेशनला ‘येतो’ जायचं आणि मग प्रोग्राम बंद व्हायचा. माझ्या मते फार सुबक कल्पना होती ती.

जगन्नाथच्या घरी फोन नव्हता. वडिलांना हृदयाचा त्रास सुरू झालेला. म्हणून त्यानं बायकोला, हिरावहिनींना, एक बटण शिकवून ठेवलं. “काय झालं तर हे दाब. घंटी वाजली की माईकमध्ये बोल. इंजिनेर डोंबिवलीवरनं डॉक्टरला फोन लावेल.” नियमानं वहिनींनी ते बटण दाबायचं नव्हतं, लायसन्स जगन्नाथचं. पण त्यात काय एवढं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. एकदा चाचणी घेतली तेव्हा घंटी ऐकून म्हातारबाबा आतून ओरडलेले, “हिरे, बघ गो, कोन आलाय!”

हे सगळं ठीक चाललेलं. मग ठाण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही पंचवीसेक हॅम लोकांना हा प्रकार करून दाखवला. फळ्यापाशी मी, जगन्नाथ शेवटच्या बाकावर. ‘मी डिझाइन केलेली पद्धत’ असं मी दोनदा म्हणालो. बोर्ड त्याचे होते, मला कळत होतं, तरी म्हणालो. मग ऐटीत बटण दाबलं... आणि लिंक होईना. पुन्हा दाबलं. शांतता.

मागून जगन्नाथचा आवाज आला, “इंजिनेर, आधी हाक्याला ऐकू दे रे! आणि तू पण जरा ऐक, मग बोल!”

हॉल हसला. तो पुढे आला, मी चुकीच्या बाजूला ठेवलेला स्विच एका बोटानं सरकवला, घंटी वाजली. “झालं. आता घे क्रेडिट,” म्हणाला. पुन्हा हशा. पोस्टमास्तर तर डोळे पुसत होते.

एवढंच. यापेक्षा जास्त काही झालं नव्हतं. बुधवारी त्यानं माझ्या कारखान्यात फोन केला. “चिडलास काय रे?” मी म्हणालो, “छे, कामात आहे.” पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास सेटसमोर बसलो, स्क्रीनवर ‘कोल’ हे नाव दिसलं, आणि काय वाटलं कोण जाणे... मी रीतसर बंद करायचं बटणही दाबलं नाही. सरळ प्लग खेचला. सेटच्या मागची अँटेनेची वायर काढली आणि जमिनीवर टाकून दिली. बायकोनं विचारलं, “काय हो, बिघडलं का?” म्हटलं, “कंटाळा आला.” मग जेवलो आणि दीडच्या सुमारास झोपलो. चारला उठलो, चहा घेतला.

सोमवारी संध्याकाळी पोस्टमास्तरांचा फोन आला. जगन्नाथचे वडील गेले.

मंगळवारी कोलशेतला गेलो. काय घडलं ते तिथे कळलं. रविवारी चुलतभावाच्या लग्नाला अख्खी आळी उरणला गेलेली, जगन्नाथही. समोरच्या घरात फोन होता, पण घराला कुलूप. वडिलांना बरं नव्हतं म्हणून वहिनी एकट्या मागे राहिलेल्या. दुपारी दोननंतर म्हातारबाबांच्या छातीत कळ आली. रिक्षा मिळायची तर नाक्यापर्यंत धावत जावं लागणार, आणि त्यांना एकटं टाकून कसं जायचं? वहिनींनी बटण दाबलं. घंटी वाजली. त्या माईकमध्ये बोलल्या, सगळं सांगितलं. उलट आवाज काही आला नाही, पण स्क्रीनवर अक्षरं उमटली — येतो.

म्हणून त्या थांबल्या. पावणेचारपर्यंत थांबल्या. मग पलीकडच्या आळीतला एक टेम्पोवाला घरी परतला, त्याच्या टेम्पोत घालून नेलं. दवाखाना यायच्या आत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर बघता आलं असतं.

हे ऐकताना मी ओट्यावर दहा-पंधरा लोकांत बसलेलो. जगन्नाथची मोठी बहीण दारात उभी होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “खोका बोलतो ‘येतो’, नि ही बसून ऱ्हाते! पाय मोडले व्हते काय नाक्यावर धावायला?”

वहिनी भिंतीला टेकून होत्या. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. “भावोजी, तुमी बोल्लेलात ना येतो?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जगन्नाथही.

मी म्हणालो, “हो. निघालेलो मी. फोन लागेना, म्हणून स्कूटर काढली. मुंब्र्याला टायर बसला.”

इतक्या सहज आलं ते तोंडातून. पुढे मी स्वतःची समजूत घातली, की वहिनींना वाचवायला बोललो. ते अर्धंच खरं आहे. दुसरं अर्ध असं, की ‘तू माझी चेष्टा केलीस म्हणून मी प्लग खेचला आणि तुझे वडील तडफडत असताना झोपलेलो’ हे वाक्य त्या ओट्यावर मला उच्चारता आलं नसतं. जगन्नाथनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. “रागावलेला असून निघालास रे,” म्हणाला.

तेव्हा मला वाटत होतं, वहिनींना भास झाला. घाबरलेलं माणूस काय वाटेल ते वाचतं.

तेराव्यानंतर जगन्नाथनंच प्रिंटरचा कागद दाखवला. त्याचा सेट प्रत्येक लिंकची नोंद छापायचा. ओळ अशी होती: कोलची डॉमला हाक, डॉमचं उत्तर, कोलची पोच, डॉमचा निरोप ‘येतो’. वेळ शून्य आठ बेचाळीस. मला क्षणभर हायसं वाटलं. सकाळी पावणेनऊ! तेव्हा माझा सेट चालू होता! मग लक्षात आलं... आम्ही हॅम लोक नोंद ग्रीनिच वेळेत ठेवतो. त्यात साडेपाच तास मिळवायचे. दुपारचे दोन वाजून बारा मिनिटं. तरी जगन्नाथनं घड्याळ चुकून आपल्या वेळेवर ठेवलं असेल, म्हणून मी वरच्या-खालच्या सगळ्या नोंदी ताडून बघितल्या. घड्याळ बरोबर होतं. तो कागद मी मागून घेतला.

त्यानंतर मी जे जे तपासता येईल ते तपासलं. सकाळी माझ्याकडून गेलेलं ‘येतो’ मागे राहून उशिरा उमटलं का? पण मी प्लग खेचलेला, ‘येतो’ गेलंच नव्हतं. पुणे किंवा नाशिकनं चुकून डॉम हे नाव लावलं? दोघांकडे चौकशी केली, दोघांचे सेट त्या दुपारी बंद. वहिनींनी सेल्फ-टेस्टचं बटण दाबलं आणि यंत्र स्वतःशीच बोललं? त्यात सेट हवेत काही सोडत नाही. आणि इथे तर सोडलेलं, कारण कल्याणच्या पोस्टमास्तरांच्या सेटनं ते ऐकलेलं.

त्यांच्याकडे मी मुद्दाम गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद उलगडला. “हे बघ, दोन बाराला कोल तुला हाक मारतोय. पुढे... हं, गंमत आहे. इथे तुझं उत्तर नाही. नुसती रिकामी जागा. आणि मग कोलची पोच.” ती रिकामी जागा किती सेकंदांची ते मी मोजलं. आमच्या यंत्राला उत्तर द्यायला जेवढे लागायचे, बरोबर तेवढेच. उत्तर पोचल्याशिवाय कोल पोच देऊच शकत नाही, तो प्रोग्राम मी स्वतः लिहिलेला. आणि डोंबिवलीहून निघालेलं काहीही कल्याणला कानठळ्या बसतील इतकं जोरात ऐकू यायचं. पोस्टमास्तर म्हणाले, “तुझं कोलशेतला पोचलं आणि मला नाही? असं कसं रे?” मी म्हणालो, “होतं कधीकधी.”

घरी येऊन, त्या रविवारनंतर पहिल्यांदा, मी माझा सेट जोडला. तक्ता फ्लॉपीवर राहायचा. कल्याण, पुणे, नाशिक, तिघांची शेवटची नोंद रविवारची, सकाळी दहाच्या आधीची. ते बरोबरच, त्यानंतर यंत्र मेलेलं. कोलची नोंद मात्र... त्याच रविवारची, शून्य आठ बेचाळीस. पूर्ण गुण. डोंबिवली ते कोलशेत आम्हाला कधीही निम्म्यापेक्षा जास्त गुण मिळालेले नव्हते, मध्ये पारसिकचा डोंगर आहे.

प्लग काढलेला. वायर जमिनीवर. मी पलीकडच्या खोलीत झोपलेलो.

त्या क्षणी मी घाबरलो नाही, असं आठवतं. मी हिशोबी विचार केला. हा तक्ता जगन्नाथनं बघितला, तर बाकीच्या तीन ओळींवरून त्याला दोन मिनिटांत कळेल, की दहानंतर माझा सेट बंद होता. मी फ्लॉपी फॉरमॅट केली. माझ्या सेटचा जो एकमेव पुरावा होता, तो मी माझं खोटं टिकावं म्हणून पुसला. त्यामुळे आज तुम्ही विचारलंत, की तक्त्याचं कशावरून खरं मानायचं, तर दाखवायला काही उरलेलं नाही. मानू नका.

चार वर्षं गेली. जगन्नाथ क्लबात, नात्यात, सगळीकडे माझ्या मुंब्र्याच्या टायरची गोष्ट सांगत राहिला. या मे महिन्यात त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. वहिनींनी व्याह्यांशी माझी ओळख करून दिली, “हे आमचे भावोजी. बाबांसाठी भर उन्हात धावलेले.” जगन्नाथची बहीण तिथेच होती. वहिनींच्या हातचं पाणीसुद्धा ती घेत नव्हती. म्हणजे चार वर्षं ती वहिनींशी बोलत नव्हती, आणि मला हे माहीतच नव्हतं. मला वाटत होतं, माझ्या खोट्यानं निदान वहिनींची सुटका झाली. ती झालेलीच नव्हती. पानावरून मी उठलो.

पुढच्या रविवारी गेलो. दुपारची वेळ. वहिनी ओट्यावर सुकट निवडत होत्या, जगन्नाथ एका पंख्याची मोटर उघडून बसलेला. मी बसलो आणि सगळं सांगितलं. शाळेतला हॉल, प्लग, वायर, झोप, फ्लॉपी.

जगन्नाथनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “टायर पण खोटा?”

“हो.”

“मुंब्र्याचा?”

“घराबाहेर पडलोच नव्हतो मी.”

“च्यायला,” तो म्हणाला. “चार वर्षं मी लोकांना तुझा टायर सांगतोय.” मग मोटरचं झाकण बाजूला सारलं. “सेट चालू असता तर घंटी ऐकली असतीस तू.”

“ऐकली असती.”

“डॉक्टरला फोन केला असतास.”

“केला असता.”

तो उठला. मला वाटलं मारेल, मारायला हवं होतं. पण म्हणाला, “हे माझ्या बहिणीसमोर बोलायचं. असंच्या असं. आज.” मी हो म्हणालो. तो शर्ट घालायला आत गेला.

वहिनींचा हात सुकटीत तसाच थांबलेला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

“बाबांनी माझा मनगट धरलेला,” त्या म्हणाल्या. “सोडीत नव्हते. मी वाचून दावलं, भावोजी येतो बोल्ले. तवा सोडला. एकदम शांत झाले. मना बोल्ले, तांब्या भरून ठेव, लांबनं येतोय तो. मी भरून ठेवला. मंग दोघं जणं दाराकडं बघत बसलो.”

मी त्या दाराकडे बघितलं.

“तुमी तर घरात व्हतात,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. “मंग भावोजी, आमी वाट कोनाची बघत व्हतो?”

जगन्नाथ चपला घालून खाली उतरला आणि माझी वाट बघत उभा राहिला. मी त्याच्या मागून गेलो. त्याच्या बहिणीच्या घरी, तिच्या नवऱ्यासमोर आणि सुनांसमोर सगळं पुन्हा सांगितलं. ते सांगता आलं. वहिनींच्या प्रश्नासाठी मात्र मी अजून कागदावरची ती ओळ काढून बसतो; हे लिहितानाही ती समोर आहे.